नाक

म्हापशाच्या शोरूममध्ये मी काठी घेऊन गेले.
बांबूची, माझ्या खांद्याएवढी,
तिच्यावर नेलपॉलिशच्या लाल रेघा :
गेल्या वर्षीचं पाणी, त्याच्या आदल्या वर्षीचं,
आणि एक रेघ बरीच वर,
जिच्याबद्दल साळ गावात कोणी मोठ्याने बोलत नाही.
वॉचमन म्हणाला, बाय, साप बीप दिसला की काय?

आत रॉयस्टन नावाचा मुलगा, टाय लावलेला.
त्याने बटण दाबून छत सरकवलं, आभाळ दाखवलं.
म्हटलं, आभाळ नको रे, ते आमच्याकडे आपणहून खाली येतं.
नाक कुठाय ते दाखव.
नाक?
इंजिन श्वास कुठून घेतं, ते.
त्याने पुस्तक चाळलं, बॉनेट उचललं,
आणि आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो
जशी मी पाहते टॉर्च मारून पोरांच्या घशात.
काठी टेकवली. नाक पहिल्या रेघेच्या खाली.
दुसऱ्या गाडीचं जेमतेम.
तिसरीचं चांगलं उंच होतं,
पण हप्ते माझ्या निवृत्तीच्याही पुढे जात होते.

स्कूटर गेली ती नाकानेच.
खालच्या पुलावर एक आचका दिला, झालं.
लशींचा डबा डोक्यावर, चप्पल कुठे ते देव जाणे,
मागे स्कूटर आडवी, तिचा दिवा मात्र लागलेला,
पाण्याखालून पिवळा.

झिलू परवार खाणीवर टिप्पर चालवायचा.
खाण बंद पडली तसा टिप्पर पाळीच्या अंगणात उभा,
नाक माझ्या डोक्यावर हातभर,
आणि केबिनमध्ये आता कारल्याचा वेल.
ही खरी पुराची गाडी, म्हणाला,
पण हिला डिझेल पाजण्यापेक्षा हत्ती पाळ.
मग त्यानेच शोधली दोडामार्गची जुनी जीप,
लिलावातली, हिरव्या रंगाचे पोपडे,
काचा हाताने फिरवायच्या.
ते बरं, म्हणाला, बटणं पाण्यात दगा देतात.
मेस्ताने नळी बसवली, बॉनेटमधून छतापर्यंत,
जशी सर्दी झालेल्या म्हशीला कोणी शिंग लावावं.

पहिला गियर. पाय उचलायचा नाही.
बंद पडली तर चावी पुन्हा फिरवायची नाही,
पाणी दाबलं जात नाही, बाय, दांडा वाकतो.
हे सगळं सांगून झाल्यावर त्याने काठी हातात घेतली,
उलटसुलट करून पाहिली.
उंची कळली. ओढ कशी मोजशील?
मी गप्प.
नारळ टाक, म्हणाला. काठाने त्याच्याबरोबर चालत जा.
तो पुढे गेला, तर तू मागे ये.

गुरुवार लशींचा.
पुलावर पाणी दुसऱ्या रेघेला,
जीपचं नाक त्याच्या कितीतरी वर, कोरडं, ऐटीत.
पलीकडे कुंदा, छत्रीत तिचं दीड महिन्याचं.
नारळ टाकला.
मान वळवेपर्यंत तो नव्हता.
एक प्लास्टिकची खुर्ची गेली त्याच्यामागून,
पाठ आमच्याकडे करून, जणू कुणी तिच्यात बसलंय.

मी हाताने सांगितलं, घरी जा.
कुंदाला वाटलं मी टाटा करतेय.
तिने बाळाचा हात धरून हलवला.

जीप गुरगुरत होती, तिला जायचं होतं.
मला वाईट वाटलं तिचं, खरंच,
दीड लाख आणि नळीचे वेगळे,
आणि रिव्हर्स गियर तेवढा कडक पडतो.

वरच्या वडाखाली उभी केली तेव्हा फोन वाजला.
रॉयस्टन. मॅडम, गाडीचं काय ठरलं?
घेतली, म्हटलं. दुसरी.
पाण्यात कशी चालते?
थांबली आज, म्हटलं. छान थांबली.
तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, सर्व्हिसिंगला आणायची असेल तर...

डब्याचं झाकण किंचित उघडलं.
बर्फ अजून कडक.